‘देहाची तिजोरी’ कोणाची? नाममुद्रा नसलेल्या गीतकाराविषयी

मार्कंडेयकाठ

नमस्कार. मी बेळगाव तालुक्यातल्या कडोली भागातला आहे आणि आमच्या गावच्या भजनी मंडळात गेली बावीस वर्षे पेटी वाजवतो. माझ्याआधी ही पेटी वडिलांकडे होती. त्यांच्यानंतर पेटीबरोबर त्यांची अभंगांची जाड वहीही माझ्याकडे आली.

गेल्या एकादशीच्या भजनात आम्ही ‘देहाची तिजोरी’ म्हटले. रूपाचे अभंग झाले होते, गवळण व्हायची होती आणि मंडळी रंगात आली होती. गाणे संपल्यावर पुण्याहून सुट्टीला आलेल्या एका कॉलेजच्या मुलाने बुवांना विचारले, “हा अभंग कोणाचा?” बुवा क्षणाचाही विचार न करता म्हणाले, “तुकोबांचा. दुसऱ्या कोणाचा असणार?” टाळकऱ्यांपैकी दोघांनी मान डोलावली. एका आजोबांनी मात्र हा नामदेवांचा असल्याचे सांगितले. मला खरे उत्तर माहीत होते, तरीही मी गप्प राहिलो, कारण भर भजनात बुवांचा शब्द खोडून काढणे मला प्रशस्त वाटले नाही. त्या गप्प राहण्याची रुखरुख मात्र तेव्हापासून मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

हे गीत जगदीश खेबुडकर यांचे आहे. १९७२ च्या ‘आम्ही जातो अमुच्या गावा’ या चित्रपटासाठी त्यांनी ते लिहिले आणि सुधीर फडके यांनी त्याला चाल दिली. माझ्या गावात ते पन्नास वर्षे म्हटले जात आहे, आणि ज्याने ते लिहिले त्याचे नाव गावात जेमतेम तीन-चार जणांना ठाऊक असेल.

घरी आल्यावर मी वही उघडली. त्यात ज्ञानोबा, नामदेव, तुकोबा, जनाबाई आणि चोखोबा यांच्या अभंगांना शेवटच्या चरणातच नाव आहे. ‘तुका म्हणे’ आले की कोणाला विचारावे लागत नाही. चित्रपटगीताला अशी नाममुद्रा नसते. गीतकाराचे नाव तबकडीवर असते, पडद्यावरच्या श्रेयनामावलीत असते, पण गाण्यात ते कुठेच नसते. गाणे तबकडी सोडून माणसांच्या तोंडी गेले की नाव तबकडीवरच राहते. माझा प्रश्न असा आहे की ते नाव जपायचे कोणी? आणि तुमच्या भागात खेबुडकरांची कोणती गाणी अशी ‘कोणाचीच नसलेली’ होऊन गेली आहेत?

वेदगंगा_निपाणी

काका, चांगला विषय काढलात. आम्हा निपाणीकरांना खेबुडकर दूरचे वाटत नाहीत. कोल्हापूर आमच्यापासून चाळीसेक किलोमीटरवर आहे आणि खेबुडकरांचे जन्मगाव हळदी हे कोल्हापूरहून राधानगरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. १० मे १९३२ चा त्यांचा जन्म. ते पेशाने शिक्षक होते, कोल्हापुरातच राहिले आणि ३ मे २०११ रोजी कोल्हापुरातच गेले. कोल्हापुरात त्यांना ‘नाना’ म्हणत. चित्रपटांसाठी त्यांनी पहिल्यांदा लिहिले ते १९६२ च्या ‘रंगल्या रात्री अशा’साठी. त्यातली लवंगी मिरचीची लावणी सुलोचना चव्हाणांच्या आवाजात गाजली आणि मग पुढची चार-पाच दशके त्यांची लेखणी थांबली नाही.

नाव कोणी जपले, याचे माझ्यापुरते उत्तर आकाशवाणीचे सांगली केंद्र असे आहे. आमच्या घरी आई आणि मावशी दुपारी तंबाखूची पाने निवडत बसायच्या आणि कोनाड्यात रेडिओ चालू असायचा. प्रत्येक गाण्याआधी निवेदिका एका लयीत सांगायची: गीत जगदीश खेबुडकर, संगीत अमुक, स्वर तमुक. आईला लिहितावाचता येत नव्हते, पण खेबुडकर, माडगूळकर, सावळाराम ही नावे तिला नातेवाइकांच्या नावांसारखी पाठ होती. तुम्ही म्हणता ती नाममुद्रा आमच्यासाठी त्या निवेदनात होती.

आता माझी मुलगी मोबाइलवर गाणी ऐकते. पडद्यावर चित्रपटाचे नाव आणि फार तर गायिकेचे नाव दिसते. लिहिणाऱ्याचे नाव बहुतेक वेळा नसतेच.

घणाचा_नातू

मी खानापूर तालुक्यातला आहे आणि आमचे घराणे लोहारकामाचे आहे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे एका गाण्यात आहे, ते म्हणजे ‘ऐरणीच्या देवा’.

आजोबांची भट्टी गावाबाहेर चिंचेखाली होती. बाभळीच्या ओंडक्यात बसवलेली ऐरण, शेजारी चामड्याचा भाता आणि फाळाला पाणी पाजायला दगडी डोणी एवढाच तिथला संसार. खंडेनवमीला ऐरणीला हळदकुंकू वाहायचे, घण आणि सांडशी तिच्यापुढे ठेवायची आणि त्या दिवशी भट्टी पेटवायची नाही, असा रिवाज होता. पूजा झाली की आजी हे गाणे म्हणायची. मी मोठा होईपर्यंत समजत होतो की हे आमच्या जातीचे, पिढ्यान् पिढ्या चालत आलेले गाणे आहे आणि आजीला ते तिच्या सासूकडून मिळाले असावे. हायस्कूलमध्ये असताना एकदा शिक्षकांनी सांगितले की हे १९६५ च्या ‘साधी माणसं’ चित्रपटातले गीत आहे. तेव्हा मला कोणीतरी घरातली वस्तू नेल्यासारखे वाईट वाटले होते, हे प्रामाणिकपणे सांगतो.

आज तसे वाटत नाही. देवाला सगळे जण फूल वाहतात. लोहाराने देवाला काय वाहावे, तर ठिणगी. हे आमच्यापैकी कोणाला सुचले नव्हते. भट्टीसमोर आयुष्य गेलेल्या माणसांना न सुचलेली गोष्ट कोल्हापुरातल्या एका शिक्षकाला सुचली आणि आमच्या आजीने ती इतकी आपली मानली की तिची पूजाच त्याशिवाय पुरी होईना. आजीला त्यांचे नाव कधीच कळले नाही. आता मी खंडेनवमीला मुलांना आधी नाव सांगतो आणि मग गाणे लावतो.

हिरण्यकेशी

मार्कंडेयकाठ काका, तुमची रुखरुख समजते, पण माझे मत वेगळे आहे. नाव हरवणे हा त्या गीतकाराचा सर्वांत मोठा मान आहे, असे मला वाटते. माझ्या आजीला जात्यावरच्या शेकडो ओव्या येत होत्या. त्या कोणत्या बायांनी रचल्या हे कोणालाही सांगता येणार नाही आणि त्यामुळे त्या कोणाला परक्याही वाटत नाहीत. जे गाणे लोक संतांचे समजतात, त्या गाण्याने संतांच्या पंगतीत जागा मिळवली. बुवांनी ‘तुकोबांचा’ म्हटले, यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र खेबुडकरांना कोण देणार? घणाचा_नातू यांच्या आजीचेही तेच. तिला नाव कळले असते तर कदाचित ते ‘सिनेमातले गाणे’ झाले असते आणि पूजेत आलेच नसते.

वकील_टिळकवाडी

हिरण्यकेशी ताई, आपली भावना सुंदर आहे, परंतु ती मला पटत नाही. ओव्या रचणाऱ्या बायांची नावे गेली, कारण ती कोणी लिहून ठेवली नाहीत आणि त्यांना विचारलेही नाही. त्या हरवण्याला मान म्हणावे का, याचा आपण पुन्हा विचार करावा. दुसरे असे की गीतलेखन हा या माणसांचा व्यवसाय होता. नाव पुसले गेले की त्यापाठोपाठ हक्कही पुसला जातो.

यातली कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. चित्रपटासाठी मोबदला घेऊन गीत लिहून दिले की सामान्यतः त्या गीताचा पहिला मालक निर्माता ठरतो, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये लावला. त्यामुळे गाणे पुढची चाळीस वर्षे वाजत राहिले तरी लिहिणाऱ्याच्या हाती एकदा मिळालेल्या मानधनापलीकडे फारसे काही येत नसे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात सुधारणा झाली आणि चित्रपटगृहातल्या खेळाव्यतिरिक्त इतरत्र गाणे वापरले गेल्यास गीतकार आणि संगीतकार यांना स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) समान वाटा मिळण्याचा हक्क दिला गेला. वारस किंवा कॉपीराइट संस्था वगळता हा हक्क दुसऱ्याला लिहून देता येत नाही, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट आहे. खेबुडकर त्याच्या आदल्याच वर्षी गेले. ज्या पिढीने सर्वांत जास्त लिहिले, तिच्यातल्या अनेकांच्या हयातीत हा कायदा आलाच नाही.

नावाचा हक्क मात्र आधीपासून आहे. कलम ५७ प्रमाणे कृती आपली आहे असे म्हणण्याचा लेखकाचा हक्क मालकी दुसऱ्याकडे गेली तरी राहतो. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे कॉपीराइट चालतो, म्हणजे खेबुडकरांच्या शब्दांवर तो २०७१ च्या अखेरपर्यंत आहे. ‘देहाची तिजोरी’ तुकोबांची समजली जाते तेव्हा ती कोणाच्याच मालकीची नाही असे गृहीत धरले जाते आणि मग भजनाच्या नव्या ध्वनिफिती काढणारेही ‘पारंपरिक’ असे छापून मोकळे होतात. एका ध्वनिफितीच्या वेष्टनावर मी स्वतः तसे छापलेले पाहिले आहे.

भजनी मंडळांनी घाबरण्याचे कारण नाही. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणे म्हणण्याला कलम ५२ मध्ये सूट आहे. नाव घेण्याला तर पैसेही पडत नाहीत.

उचगावकर

खेबुडकर की खेबूडकर? दोन्ही छापलेले दिसते. ज्यांच्या नावाविषयी चर्चा चालली आहे, त्यांचे नाव तरी एकसारखे लिहावे.

वेदगंगा_निपाणी

उचगावकर, कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत मी ‘खेबुडकर’ वाचत आले आणि गाण्यांच्या संग्रहांत बहुधा ‘खेबूडकर’ दिसते. उच्चारात फरक पडत नाही. शोधताना मात्र दोन्ही लिहून पाहावे लागते, नाहीतर निम्मी गाणी सापडत नाहीत.

निवृत्त_गुरुजी

मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत एकतीस वर्षे नोकरी केली. खेबुडकर शिक्षक होते, याचा उल्लेख वर एका वाक्यात होऊन गेला. माझ्या मते त्यांच्या लेखनाची किल्ली तिथेच आहे. शिक्षकाला रोज चाळीस मुलांना एकाच वेळी कळेल असे बोलावे लागते. अवघड शब्द वापरला तर शेवटच्या बाकावरचा मुलगा सुटतो, आणि फार सोपे केले तर पहिल्या बाकावरचा कंटाळतो. खेबुडकरांचे कोणतेही चांगले गाणे घ्या, ते पहिल्या आणि शेवटच्या अशा दोन्ही बाकांना पुरते.

आणखी एक गोष्ट नव्या वाचकांना माहीत असावी. १९४८ साली गांधीहत्येनंतर जी जाळपोळ झाली, तीत त्यांचे घर जळाले. तेव्हा त्यांना सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्या राखेकडे पाहून त्यांनी ‘मानवते, तू विधवा झालीस’ ही कविता लिहिली. ती त्यांची पहिली कविता मानली जाते. घर जाळणाऱ्यांवर त्या मुलाने शिव्याशाप लिहिले असते तरी कोणी दोष दिला नसता. त्याने दुःख केले ते माणुसकीचे. पुढे ज्या लेखणीने सव्वातीनशेच्या आसपास चित्रपटांसाठी गाणी लिहिली, तिची सुरुवात अशी झाली, हे मला दर वेळी आठवते.

आता ‘देहाची तिजोरी’विषयी. हा तुकोबांचा अभंग वाटतो, कारण खेबुडकरांनी संतांच्याच घरातली एक वस्तू उचलून तिची जागा बदलली आहे. मुक्ताईचे ताटीचे अभंग आठवा. ज्ञानदेव रुसून दार लावून बसले आहेत आणि धाकटी बहीण बाहेरून ‘ताटी उघडा’ म्हणून विनवते आहे. खेबुडकरांच्या गाण्यातही बंद दार आहे आणि विनवणी आहे, पण दार देवाचे आहे आणि बाहेर उभा आहे तो पापपुण्याचा हिशेब स्वतःशीच करणारा साधा माणूस. मराठी कानाला ही हाक सातशे वर्षे ओळखीची आहे. बुवांचे चुकले ते केवळ नावात. परंपरा त्यांनी बरोबर ओळखली.

‘तिजोरी’ हा शब्द मात्र संतांच्या वाणीत मी कधी ऐकलेला नाही. चित्रपटाची कथा चोरांची असल्यामुळे तो आला. चोराच्या डोळ्यांपुढे तिजोरीच येणार. तीच तिजोरी देहाची करून तिच्यात सोन्याऐवजी भक्ती ठेवली, की चोराची गोष्टच भजन होऊन जाते. ही करामत कथेत शिरून लिहिणाऱ्या गीतकारालाच साधते.

शहापूर_ते_पुणे

गुरुजी, आपण फार सुंदर उलगडून दाखवलेत, तरीही एक मतभेद नोंदवतो. खेबुडकर उत्तम गीतकार होते, पण माडगूळकरांच्या शेजारी त्यांना कवी म्हणून बसवता येणार नाही, असे मला वाटते. त्यांनी बरेचसे चालीवर लिहिले. आधी चाल, मग तिच्या मापाचे शब्द. कविता अशी मापे घेऊन शिवता येत नाही. इतक्या प्रचंड लेखनात सामान्य गाणीही पुष्कळ आहेत, हे मान्य करायला हवे.

डग्गा_अनगोळ

शहापूर_ते_पुणे, मी तबला वाजवतो म्हणून चालीवर लिहिण्याविषयी बोलण्याचा थोडा अधिकार घेतो. मापात लिहिणे कमी प्रतीचे असेल, तर अभंग आणि ओवीलाही माप आहेच की. चालीवर लिहिणाऱ्याला आणखी एक बंधन असते, ते म्हणजे समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, कोणते अक्षर येणार. ‘ठेवा’ आणि ‘देवा’ हे यमक घ्या. दोन्ही शब्द ‘आ’वर सुटतात. तोंड पूर्ण उघडते, म्हणून पंचवीस-तीस जण एकदम गाताना तो स्वर कितीही लांबवता येतो. शेवट ‘उ’वर किंवा जोडाक्षरावर आला असता तर आमच्या मंडळाचा आवाज तिथे मिटला असता. म्हणूनच न शिकलेल्या गळ्यालाही हे गाणे पेलते. हे कौशल्य वाचून कळत नाही. गाऊन पाहा.

आणखी एक सांगतो. ज्या १९७२ साली त्यांनी हे भजन लिहिले, त्याच साली व्ही. शांतारामांचा ‘पिंजरा’ आला. त्यातली राम कदमांच्या संगीतातली लावणीही खेबुडकरांचीच आणि कृष्णाला चोळी-लुगडी मागणारी गवळणही त्यांचीच. तमाशात गण, गवळण, बतावणी, लावणी आणि वग असा क्रम असतो. भजनातही अभंगांनंतर गवळण येते. तमाशाचा फड आणि भजनाचा मांडव यांना जोडणारी गवळण ज्याला साधली, तो दोन्हीकडे बिनदिक्कत वावरू शकला. एका वर्षात एका हाताने हे दोन्ही लिहावे, यात मला तर कवित्वच दिसते.

शहापूर_ते_पुणे

‘ठेवा’ आणि ‘देवा’ यांच्या उच्चाराचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तो मी मान्य करतो. ‘सामना’तली घायाळ हरिणीची लावणीही त्यांचीच आहे, हे मी काल शोधताना पाहिले, आणि इतकी वर्षे ती दुसऱ्या कवीची समजत होतो. तेव्हा नाव विसरणाऱ्यांत माझीही गणना करावी.

मलप्रभेची_लेक

आमच्याकडे तर एक वेगळाच गोंधळ आहे. ‘कानडा राजा पंढरीचा’ हे गाणे आमचे भजनी मंडळ ज्ञानेश्वरांचे म्हणून म्हणते. तेही खेबुडकरांचेच का?

निवृत्त_गुरुजी

नाही ताई. ते माडगूळकरांचे आहे आणि ‘झाला महार पंढरीनाथ’ या चित्रपटातले आहे. सुधीर फडके आणि वसंतराव देशपांडे यांनी ते गायले. ज्ञानेश्वरांच्या ‘पांडुरंगकांती’ या अभंगात ‘कानडाऊ विठ्ठलु कर्नाटकु’ असे शब्द आहेत, म्हणून दोन्हींची सरमिसळ होते. इथेही तेच झाले आहे. माडगूळकरांनी ज्ञानेश्वरांचा एक शब्द घेऊन नवे गाणे उभे केले आणि लोकांनी ते मूळ धन्याला परत करून टाकले.

मलप्रभेची_लेक

धन्यवाद गुरुजी. या निमित्ताने एक सांगावेसे वाटते. आमच्या शेजारी बैलहोंगलकडचे कानडी कुटुंब आहे. त्यांच्या घरातल्या अक्का आमच्याबरोबर पारायणाला बसतात. त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून त्यांनी ‘विठुमाऊली तू’ हे गाणे कानडी लिपीत उतरवून घेतले आहे. वहीच्या त्या पानावर वर कुंकवाचा ठिपका आहे आणि पान तेलाने पिवळे झाले आहे. हे गाणे १९८१ च्या ‘अरे संसार संसार’मधले, खेबुडकरांचे आहे, हे मलाही या धाग्यामुळे शोधल्यावर कळले. काल मी अक्कांना नाव सांगितले. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिले आणि पानाच्या खाली कानडीत लिहून घेतले. मूळ मराठी पुस्तकांत नसलेले नाव आमच्या गल्लीतल्या एका कानडी वहीत आहे, याचा मला फार आनंद झाला.

हिरण्यकेशी

वकील साहेबांनी ओव्यांविषयी जे लिहिले, त्यावर मी दोन दिवस विचार केला. माझ्या आजीने स्वतः रचलेल्याही काही ओव्या होत्या, असे आई सांगते. कोणत्या, ते आता आईलाही सांगता येत नाही. मी मान म्हणत होते तो ऐकणाऱ्यांच्या बाजूचा होता. आजीच्या बाजूने मी कधी पाहिलेच नव्हते. माझे पहिले मत अर्धे मागे घेते. अर्धे ठेवते, कारण घणाचा_नातू यांच्या आजीची पूजा मला आजही खरी वाटते.

घणाचा_नातू

ताई, आजीला नाव कळले असते तरी तिने गाणे सोडले नसते, असे मला वाटते. तिने विचारले असते, “लोहार हाय का तो?” आणि नाही म्हटल्यावर तिला अधिकच नवल वाटले असते.

एक भर घालतो. त्या चित्रपटाचे संगीत ‘आनंदघन’ यांचे होते आणि हे लता मंगेशकरांनी संगीतासाठी घेतलेले टोपणनाव होते. म्हणजे ‘ऐरणीच्या देवा’त चाल बांधणारीने आपले नाव स्वतः झाकून ठेवले. त्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला, तेव्हा नावाची ही गाठ सर्वांसमोर सुटली आणि आता ती गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. शब्द लिहिणाऱ्याने नाव झाकले नव्हते, तरी ते झाकले गेले. पडद्यावर ते गाणे जयश्री गडकर यांचे आहे आणि त्या मूळच्या आमच्या कारवारकडच्या. आजीला एवढे मात्र ठाऊक होते.

उचगावकर

आमच्याकडे, कडोलीला आणि येळ्ळूरला दर वर्षी मराठी साहित्य संमेलने भरतात. तिथे कथाकथन असते, कविसंमेलन असते. एखाद्या वर्षी एक तास गीतकारांसाठी ठेवावा आणि गावातल्याच मंडळांनी गाणी म्हणावीत, प्रत्येक गाण्याआधी सांगली केंद्राच्या निवेदिकेसारखी तिन्ही नावे घ्यावीत, असे सुचवतो. आयोजक मंडळींपैकी कोणी हे वाचत असतील तर त्यांनी जरूर विचार करावा.

डग्गा_अनगोळ

आमचे मंडळ तयार आहे.

मार्कंडेयकाठ

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण सांगण्यासारखे आता काही घडले आहे.

परवाच्या एकादशीला भजनाआधीच मी बुवांच्या घरी गेलो. भर मांडवात बोलण्यापेक्षा ते बरे, असे मनाशी ठरवले होते. त्यांना गुरुजींनी लिहिलेले मुक्ताईच्या ताटीचे सगळे वाचून दाखवले. बुवा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “माणूस कोल्हापूरचा होता? आणि २०११ पर्यंत होता?” मी हो म्हटले. बुवा म्हणाले, “मग आपण जाऊन भेटू शकलो असतो की रे. चार तासांचा रस्ता नाही.” त्यांना वाईट वाटले ते स्वतःची चूक निघाल्याचे नव्हते, हे मला त्यांच्या आवाजावरून कळले.

त्या रात्री ‘देहाची तिजोरी’ची वेळ आली, तेव्हा बुवांनी टाळ थांबवले आणि “जगदीश खेबुडकरांचे पद” एवढेच म्हणून सुरुवात केली. नामदेवांचे म्हणणाऱ्या आजोबांनी शेजाऱ्याला विचारले, “कोणत्या गावचे?” शेजाऱ्याने “हळदी” म्हटले आणि आजोबांनी मान हलवली. बस, पुढचे भजन नेहमीसारखे झाले.

आता वहीचे काम हाती घेतले आहे. वहीत अभंगांशिवाय सत्तावीस पदे अशी निघाली की जी चित्रपटातली किंवा रेडिओवरची आहेत. वेदगंगा ताईंच्या मदतीने चोवीस पदांखाली गीतकार आणि संगीतकार यांची नावे लिहून झाली. दोन पदांचा पत्ता अजून लागलेला नाही. सत्ताविसावे पद ‘इंद्रायणी काठी’ हे आहे. ते माडगूळकरांचे आहे आणि १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ चित्रपटात भीमसेन जोशींनी ते गायले आहे, इतके मला आता माहीत आहे. अडचण अशी आहे की त्या पदाखाली वहीत आधीच शाईने ‘संत ज्ञानेश्वर’ असे लिहिलेले आहे. ते खोडून नवे नाव लिहावे का?

निवृत्त_गुरुजी

खोडू नका. जुने तसेच राहू द्या आणि शेजारी लिहा. तत्पूर्वी ते अक्षर कोणाचे आहे ते पाहा.

मार्कंडेयकाठ

अक्षर वडिलांचे आहे, गुरुजी. शेजारी पेन्सिलीने लिहिले.